काठी खाली ठेवण्याची गोष्ट

शाळेत आम्हाला म्हणी आणि त्यांचे अर्थ लिहायला असत. ‘कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच.’ अर्थ : मूळ स्वभाव बदलत नाही. मी हा अर्थ पाठ केला, परीक्षेत लिहिला, गुण मिळवले आणि पुढची चाळीस वर्षं त्यावर कधी विचार केला नाही. नेरुळच्या आमच्या घरात एक कुत्रा राहायला आला, तेव्हा मात्र विचार करणं भाग पडलं. आज मी बोलणार आहे ते थोडं त्या कुत्र्याविषयी, आणि जास्त आपल्या मुलखात माणसानं कुत्र्याला कसं वागवलं, कसं शिकवलं याविषयी.

आम्ही कोकणी मुसलमान, शाफई पंथाचे. कुत्र्यानं भांड्याला तोंड लावलं तर ते सात वेळा धुवायचं, त्यातल्या एका वेळी मातीनं, हे लहानपणापासून मनात बसलेलं. आमच्या गावच्या घरी कुत्रा अंगणात असे, उंबऱ्याच्या आत नसे. त्यामुळे जुलैच्या पावसात माझी मुलगी सोसायटीच्या गेटपाशी सापडलेलं पिल्लू ओढणीत गुंडाळून घेऊन आली, तेव्हा ऐंशी ओलांडलेली माझी आई जपमाळ हातात धरून नुसती बघत राहिली. ‘‘अब्बा, पाऊस थांबेपर्यंतच ठेवू या,’’ मुलगी म्हणाली. नवी मुंबईचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. पिल्लू राहिलं. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला दुसरं नाव कुठलं सुचणार? त्याला आम्ही मोत्या म्हणू लागलो.

एके दिवशी मोत्यानं माझ्या कवितांच्या वहीवर घाण केली. मी वर्तमानपत्राची सुरळी केली आणि त्याला मारलं. एकदा नव्हे, तीन-चार वेळा. मी आजवर कुणा मुलावर हात उगारलेला नाही. पण शिकवायचं म्हणजे थोडा धाक हवा, हे जे माझ्या गुरुजींनी मला शिकवलं होतं, ते त्या सुरळीतून आपोआप बाहेर आलं. मोत्या त्यातून शिकला काय? तर माझ्या खोलीत यायचं नाही. घाण तो सोफ्यामागे करू लागला.

उंबऱ्याच्या आत, उंबऱ्याच्या बाहेर

आपल्याकडे कुत्र्याचं स्थान मोठं विचित्र आहे. भाषेत पाहिलं तर सगळा अपमानच. कुत्र्याचं जिणं, कुत्रं हाल खाईना, कुत्र्याच्या मौतीनं मरणं. आणि श्रद्धेत पाहिलं तर दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री, ते चार वेद मानले जातात. जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्रा आहे, आणि त्याचे भक्त स्वतःला अभिमानानं ‘वाघ्या’ म्हणवून घेतात. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज तर घराघरांत ठाऊक आहेत. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या ‘खंड्या’ नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवतात. वाघापासून धन्याला वाचवणाऱ्या त्या कुत्र्याला महाराजांनी पालखीचा मान दिला, असं सांगतात.

माझ्या घरच्या परंपरेतही हीच दोन टोकं आहेत. एकीकडे सात वेळा भांडं धुणं. दुसरीकडे कुराणात गुहेत झोपी गेलेल्या श्रद्धावंतांची कथा आहे, त्यांच्याबरोबर उंबऱ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला कुत्रा आहे. तहानेनं माती चाटणाऱ्या कुत्र्याला पायातल्या मोज्यात विहिरीचं पाणी भरून पाजणाऱ्या माणसाची पापं माफ झाली, असं हदीस सांगते. आणि पाचव्या सूरेत शिकारी जनावरांचा उल्लेख आहे, तिथे त्यांना ‘शिकवण्या’चा शब्द आला आहे. अल्लानं तुम्हाला जे ज्ञान दिलं, त्यातलं तुम्ही त्यांना देता, असा त्याचा आशय. माणसाला आणि कुत्र्याला जोडणारं क्रियापद तिथे ‘शिकवणं’ आहे, हे माझ्या लक्षात मोत्या आल्यावर आलं.

आठ आण्यांचा धडा

मुंबईच्या इतिहासातला एक मोठा दंगा कुत्र्यांवरून झाला होता, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. गोष्ट १८३२ची. १८१३च्या एका नियमानुसार उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्री मारण्याची मुभा सरकारनं दिलेली होती. १८३२ साली ही मुदत १५ जूनपर्यंत वाढवण्यात आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं. आठ आणे त्या काळी लहान रक्कम नव्हती. परिणाम असा झाला, की शिपाई मोकाट कुत्र्यांवर थांबेनात. दारात बसलेली, घरातली, पाळलेली कुत्रीही ओढून नेतात अशा तक्रारी सुरू झाल्या.

६ जूनला पारशांचा पवित्र दिवस होता. पारशी धर्मात कुत्र्याला फार मानाची जागा आहे. माणूस गेला की त्याच्यासमोर कुत्रा आणण्याचा ‘सगदीद’ हा विधी त्यांच्यात आहे. त्या दिवशी किल्ल्यात कुत्री मारणाऱ्या शिपायांवर जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही त्यात होते. गोऱ्या पलटणीची रसद अडली, तेव्हा सरकारला जाग आली. सैन्य बोलावलं गेलं, धरपकड झाली, खटले चालले. इतिहासकार जेसी पालसेटिया यांनी या दंग्यावर सविस्तर लिहिलं आहे. जमशेटजी जीजीभाईंसारख्या शेटियांनी समेटाची वाट धरली. कुत्री मारू नका, हवी तर गावाबाहेर नेऊन सोडा, अशी लोकांची विनंती होती.

या दंग्यातून दोन गोष्टी निघाल्या. पहिली म्हणजे १८३४मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकारानं उभा राहिलेला मुंबईचा पांजरापोळ. दुसरी गोष्ट कुणी लिहून ठेवली नाही, पण मला ती आज दिसते. सरकारला वाटलं, आपण आठ आणे शहर सुरक्षित करण्यासाठी देतो आहोत. प्रत्यक्षात ते आठ आणे ‘कुत्रा आणून दाखव’ यासाठी होते. मग शिपाई तेच शिकले. सगळ्यात सोपा कुत्रा कोणता? जो पळत नाही तो, म्हणजे पाळलेला. बक्षीस देणाऱ्याच्या मनात काय आहे, याला फारसं महत्त्व नसतं. बक्षीस ज्या कृतीच्या पाठोपाठ येतं, ती कृती वाढते. हा नियम कुत्र्याला लागू आहे, तसा माणसालाही.

पुढे १८७४मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी संस्था स्थापन झाली. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं. १८८६मध्ये तिथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. म्हणजे शंभर वर्षांच्या आत या शहरानं कुत्र्याला दंग्यातून दवाखान्यात आणलं. वर्गात आणायला मात्र अजून वेळ होता.

साखळी आणि चेंडू

जगात कुत्र्याला शिकवण्याचं शास्त्र म्हणून जे पुढे आलं, त्याच्या सुरुवातीला जोरजबरदस्तीच होती. जर्मन पोलीस खात्यातल्या कोनराड मोस्ट यांनी १९१०मध्ये कुत्र्यांच्या प्रशिक्षणावर पुस्तक लिहिलं. गळ्यातल्या पट्ट्याला झटका देणं, दाब देणं हा त्या पद्धतीचा कणा होता. दोन महायुद्धांत ती पद्धत जगभर पसरली. १९४७मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांवर केलेला अभ्यास पुढे आला आणि कळपात वर्चस्वासाठी झगडा चालतो, ही कल्पना रुजली. त्यातून लोकांनी अर्थ काढला, की कुत्र्यावरही आपण ‘मालक’ म्हणून दडपण ठेवायला हवं. हा विचार लोकप्रिय करणाऱ्या १९७०च्या पुस्तकाचे लेखक डेव्हिड मेक यांनीच पुढे मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले, आणि १९९९मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं असं कुटुंब असतं. पण चुकीची कल्पना दुरुस्तीपेक्षा वेगानं धावते.

दुसरी वाट प्रयोगशाळेतून निघाली होती. १८९८मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरांना खोक्यात ठेवून दाखवलं, की ज्या कृतीनंतर सुख मिळतं ती कृती जनावर पुन्हा करतं. बी. एफ. स्किनर यांनी हे सूत्र पुढे नेलं. त्यांचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलँड यांनी ते प्रयोगशाळेबाहेर आणून कोंबड्यांपासून कुत्र्यांपर्यंत अनेकांना शिकवलं. १९६०च्या दशकात हवाईमध्ये कॅरन प्रायर डॉल्फिनना शिकवत होत्या. डॉल्फिनच्या गळ्यात साखळी घालता येत नाही. झटका दिला तर तो पोहून निघून जातो. त्यामुळे शिट्टी आणि मासा एवढंच हाती उरतं. शिट्टी म्हणजे ‘हेच बरोबर’, आणि मागोमाग मासा. १९८४च्या आपल्या पुस्तकातून त्यांनी ही रीत घराघरांतल्या कुत्र्यांपर्यंत पोचवली.

आपल्याकडे याचं सगळ्यात ठळक उदाहरण पोलीस दलात सापडतं. मुंबई पोलिसांचं श्वान पथक १९५९मध्ये डॉबरमन कुत्र्यांनिशी सुरू झालं. पण सगळ्या महाराष्ट्राला ज्याचं नाव ठाऊक झालं तो झंजीर, पिवळट रंगाचा लॅब्रॅडॉर. पुण्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रात शिकून तो १९९२च्या डिसेंबरात बॉम्बशोधक पथकात आला आणि तीनच महिन्यांत, १२ मार्च १९९३ला, मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. त्यानंतर झंजीरच्या नाकानं जे सापडलं त्याची नोंद आहे : ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसं. १६ नोव्हेंबर २००० रोजी तो हाडांच्या कर्करोगानं गेला आणि पोलिसांनी त्याला इतमामानं निरोप दिला.

१९९३च्या त्या दिवसांत मी विशीत होतो. नाव विचारलं की समोरच्याचा चेहरा बदले, असे ते दिवस होते. एका स्टेशनवर पोलिसांच्या कुत्र्यानं माझी पिशवी हुंगली. आत डबा होता आणि दोन पुस्तकं होती. तो पुढे गेला. त्या महिन्यात मला नाव न विचारता पुढे जाऊ देणारा तो पहिलाच पोलीस होता.

पुढे मी वाचलं, की बॉम्ब शोधणारा कुत्रा घडतो कसा. त्याला सुरुवातीला चेंडूचं वेड लावतात. मग चेंडूबरोबर स्फोटकाचा वास जोडतात. हळूहळू चेंडू दिसेनासा होतो, वास राहतो. वास सापडला की कुत्र्यानं तिथे शांत बसायचं, कारण पंजा मारला तर घात होईल. बसला की चेंडू मिळतो. त्याच्या लेखी तो खेळ असतो. मार देऊन कुणाकडून वास घेववत नाही. भ्यालेला कुत्रा फक्त शिकवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतो, आणि मग पिशवीत काय आहे ते त्याला कळत नाही. म्हणजे जिथे चुकीची किंमत माणसांचे जीव आहे, त्या सगळ्यात कठोर खात्यातही शोधाचं काम चेंडूवर चालतं. मग माझ्यासारख्या माणसाला सोफ्याजवळची घाण थांबवायला सुरळी का लागावी?

गुरगुरणं बंद झालं तेव्हा

हे शहाणपण मला वेळेवर आलं नाही. मोत्या वर्षाचा झाला तेव्हा मी एका शिकवणाऱ्याला घरी बोलावलं. त्यानं गळ्याभोवती आवळणारी साखळी आणली. मोत्या कुणाला पाहून गुरगुरला की झटका. पंधरा दिवसांत गुरगुरणं थांबलं. मी खूश झालो, पैसे दिले. महिन्याभरानं त्याची नखं कापायला मी पंजा धरला आणि कसलाही आवाज न करता मोत्यानं माझ्या मनगटात दात रुतवले. रेबीजच्या लसीची सुई घेताना मी पुन्हा पुन्हा एकच म्हणत होतो : काही सूचनाच दिली नाही हो यानं. सोसायटीच्या सभेत विषय निघाला, कुत्रा हलवा अशी मागणी झाली. मागणी करणाऱ्यांच्या घरी लहान मुलं होती. मला त्यांचा राग आला नाही.

एका पशुवैद्य बाईंनी मला समजावलं. त्या म्हणाल्या, ‘‘गुरगुरणं म्हणजे त्याचं ‘मला भीती वाटतेय’ हे वाक्य होतं. तुम्ही वाक्य खोडलंत. भीती तशीच राहिली.’’ कवितेत खाडाखोड करणाऱ्या माणसाला याहून नेमकं कुणी काही सांगितलं नव्हतं.

मग आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. साखळी गेली, अंगाला नीट बसणारा पट्टा आला. उकडलेल्या कोंबडीचे चण्याएवढे तुकडे आले, कांदा-मसाला न घातलेले, कारण कांदा कुत्र्याला विषारी असतो. रीत साधी आहे. हवं ते घडलं की त्याच क्षणी ‘शाब्बास’ आणि लगेच तुकडा. दोन-चार सेकंद उशीर झाला तर बक्षीस भलत्याच कृतीला लागतं, आठ आण्यांसारखं. आम्ही तीही चूक करत होतो. तो दाराशी भुंकला की गप्प बसावा म्हणून बिस्किट देत होतो, म्हणजे भुंकण्याची शिकवणी घेत होतो. आता तो गप्प असतानाच तुकडा मिळू लागला. बाहेर नेऊन शी-सू केली की शाबासकी. घरात चूक झाली तर चूक आमची, कारण वेळेवर नेलं नाही.

नखांचं काम सगळ्यात अवघड. पहिले चार दिवस नखं कापायचं यंत्र फक्त जमिनीवर ठेवलं, मोत्यानं हुंगलं की तुकडा. मग पंजाला नुसता स्पर्श. मग यंत्राचा आवाज दूरून. मग एका दिवशी एक नख, तेही टोकाचं, कारण आत जिवंत भाग असतो, तो कापला तर रक्त येतं आणि महिन्याची मेहनत वाया जाते. त्यानं पंजा मागे घेतला तर सोडून द्यायचा. हे ‘सोडून देणं’च सगळ्यात जास्त काम करतं. आपल्याला नाही म्हणता येतं हे कळलं, की कुत्रा जास्त वेळा हो म्हणतो. आंघोळीलाही हेच. दमट हवेत रोज आंघोळ नको, माणसांचा साबण नको, आधी कोरड्या न्हाणीघरात तुकडा, मग ओलं फडकं, मग मग्ग्यानं पाणी. पावसाळ्यात कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघायची, त्यासाठीही हात लावू देणारा कुत्रा हवाच.

काहीजण म्हणतात, हे लाड झाले. लाड म्हणजे काहीही केलं तरी देणं. इथे केलं तरच आहे. पोर्तुगालमधल्या ९२ कुत्र्यांचा एक अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात झटके-दरडावणीनं शिकणाऱ्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं आणि लाळेतलं कॉर्टिसॉल, दोन्ही बक्षिसानं शिकणाऱ्यांपेक्षा जास्त आढळलं. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेनं २०२१मध्ये स्पष्ट शिफारस केली, की सगळ्या कुत्र्यांना, आक्रमक कुत्र्यांनाही, बक्षिसाच्या पद्धतीनंच शिकवावं.

आपला कायदाही यापासून फार दूर नाही. १९६०च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात कुत्र्याला मारणं, आखूड किंवा जड साखळीनं अवाजवी काळ बांधून ठेवणं, बांधलेल्या कुत्र्याला फिरायला न नेणं हे गुन्हे आहेत. मात्र पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड लिहिला गेला तो १० ते ५० रुपये. म्हणजे दंडाचा धाकही नाही आणि बक्षिसाची ओढही नाही, अशी आपली अवस्था.

सिडकोनं १९७०पासून वसवलेलं हे आमचं शहर नवं आहे. त्याला कुत्र्याबरोबर राहण्याच्या जुन्या सवयी नाहीत, अंगणं नाहीत. ऑगस्ट २०१७मध्ये तळोज्याला निळी झालेली भटकी कुत्री दिसली. कारखान्याचा रंग कासाडी नदीच्या पाण्यात उतरला होता. पंचतंत्रातला निळा कोल्हा फसवणारा होता. इथे फसवलेला प्राणी निळा होता. २०२५मध्ये भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गाजला, आणि पुन्हा १८३२चेच शब्द कानांवर पडले : हलवा, मारू नका, मुलांचं काय. रेबीजचं भय खरं आहे. चावलेल्या मुलाच्या आईचं दुःख खरं आहे. नसबंदी आणि लस यांना पर्याय नाही. पण आपल्या मुलांना झोपलेल्या कुत्र्याला दगड मारू नये, खाणाऱ्या कुत्र्याला हात लावू नये, गुरगुरला तर मागं सरावं, एवढं शिकवायला न्यायालय लागत नाही.

मोत्या अजून आमच्याकडे आहे. सोसायटीनं सहा महिने मुदत दिली होती. ती संपली त्या दिवशी कुणाला आठवणही नव्हती. आईची खोली अजून त्याला बंद आहे आणि तिची नमाजाची चटई कपाटात वर असते. तिचं न्यारं भांडं, त्याचं न्यारं. पण दुपारी ती भाकरीचा तुकडा उंबऱ्यावर ठेवते, तो उंबऱ्याबाहेर पुढचे पाय पसरून बसतो आणि ती ‘घे’ म्हणेपर्यंत हलत नाही. हे त्याला आम्ही शिकवलेलं नाही. कुणी शिकवलं विचारलं तर ती म्हणते, ‘‘मी काय शिकवणार? तो बसला, मी दिली.’’

रविवारी नखांचा दिवस असतो. मी यंत्र घेऊन जमिनीवर बसतो. बहुतेक वेळा मोत्या पंजा पुढे करतो. कधी कधी करत नाही. मग आम्ही ते उद्यावर टाकतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)